मसाल्याच्या पाकिटावरची आजी

मे महिन्यात एका मोठ्या किराणा दुकानात मसाल्यांच्या फळीसमोर उभी राहून मी आज्या मोजल्या. अकरा भरल्या. सगळ्या नऊवारीत, सगळ्यांना नथ, बहुतेकींच्या पुढ्यात पाटा-वरवंटा, आणि एवढ्या मिरच्या वाटून एकीच्याही कपाळावर घामाचा थेंब नाही. बारावी आजी खालच्या फळीवर होती. ती माझी. म्हणजे मीच लिहिलेली.

चौदा वर्षं झाली, लोकांच्या धंद्यांसाठी मजकूर लिहून देते. पाकिटामागच्या चार ओळी, वेबसाइटवरचं ‘आमच्याविषयी’, रीलमधलं बोलणं, दिवाळीच्या डब्यात घालायचं कार्ड. पूर्वी लोक म्हणायचे, “मॅडम, जरा भारीतलं इंग्लिश टाका.” आता म्हणतात, “ताई, स्टोरी पाहिजे.” गूळवाल्याला स्टोरी पाहिजे, फरसाणवाल्याला पाहिजे, परवा एका सेप्टिक टँक साफ करणाऱ्यालाही हवी होती. (त्याची खरंच चांगली होती, पण जेवताना वाचाल म्हणून इथे देत नाही.)

तर ही बारावी आजी. सांगलीकडचा एक माणूस कांदा-लसूण मसाला करतो, नाव सांगत नाही. आमच्याकडे त्याला सरळ चटणी म्हणतात. पुण्यात चटणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ओलं खोबरं येतं, म्हणून पाकिटावर मसाला. मी विचारलं, “आजी कुठल्या गावच्या? चटणी कशी करायच्या?” तो फोनवर जरा घुटमळला.

“ताई, खरं सांगू का? आमची आजी शाळेत मास्तरीण होती. तिला स्वैपाकाचा जाम कंटाळा. चटणी आम्ही शेजारनंच आणायचो. पण आजी टाकाच तुम्ही. आजी चालती.”

मी टाकली. ‘आजीच्या हातची तीच चव’ वगैरे. पैसेही घेतले. तेव्हा ही पोस्ट कुणा साधूनं लिहिलेली नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

पंधरा दिवसांनी गावी गेले होते तेव्हा त्याच्या शेडवर गेले. पत्र्याचं छप्पर, बाहेर ताडपत्रीवर कांद्याचे काप वाळत घातलेले. चहा पिता पिता त्यानं जे सांगितलं ते असं. पहिल्या वर्षी ऑर्डरची घाई होती आणि वळीव मधेच येऊन गेला. कांदा दोन दिवस कमी वाळला. तसाच तळून डंकावर कुटायला दिला. जुलैत पाकिटात गोळे झाले, ऑगस्टात पांढरी बुरशी. साठ किलो माल परत आला. तो त्यानं खड्डा काढून पुरला, कारण उकिरड्यावर टाकला असता तर गुरांनी तोंड घातलं असतं. बायकोच्या पाटल्या त्या वर्षी गेल्या त्या अजून परत यायच्या आहेत. तेव्हापासून कांद्याचा काप बोटांत धरून मोडून बघितल्याशिवाय तो कढई तापवत नाही. काप वाकला की परत उन्हात. बोलता बोलता त्यानं एक काप उचलला, माझ्या कानाशी आणला आणि मोडला. कट्. “हां, हा आवाज आला पाहिजे.”

मी म्हटलं, “हेच छापू या.”

“बुरशी? पाकिटावर? ताई, धंदा बुडवताय काय माझा?”

यावर आमचं बरंच वाजलं. माझं म्हणणं एवढंच होतं, की दुकानात पाकीट हातात घेतलेली बाई मनात काय विचारत असते? रंग घातलाय का? टिकेल का? पावसाळ्यात गोळे होतील का? यातल्या एकाही प्रश्नाला आजी उत्तर देत नाही, ती नुसती हसते. उत्तर त्या ‘कट्’मध्ये आहे, आणि ते उत्तर साठ किलो माल पुरल्याशिवाय त्याला मिळालं नसतं. तो म्हणाला, विचार करतो. म्हणजे नाही.

धंद्यात गोष्ट कशी सांगावी याच्या एका कार्यशाळेला मीही जाऊन आलेय. हॉटेल, एसी, मधल्या सुट्टीत पनीर. पडद्यावर एक गोल होता: नायक घर सोडतो, संकट येतं, गुरू भेटतो, नायक जिंकून परत येतो. शेजारी पीव्हीसी पाइपवाले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, “ह्यात आमचा पाइप कुठं बसतो?” मी म्हटलं, “तुम्ही नायक.” ते म्हणाले, “मग गिऱ्हाईक कोण, संकट?” त्या दिवसातलं शिकण्यासारखं वाक्य तेवढंच.

मला हे कळलंय ते आमच्या अण्णांच्या दुकानात. पलूसच्या रस्त्याला त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे मोटरीतल्या जळालेल्या तारा काढून नव्या गुंडाळून द्यायचं, दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरच्या, नदीवरच्या जळालेल्या मोटरी यायच्या. आत शिरलं की वार्निशचा वास आणि समोरच्या भिंतीवर ओळीनं खिळे. प्रत्येक खिळ्याला जळालेल्या तारांचं एक भेंडोळं, आणि त्याला लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली चिठ्ठी. ‘विहीर आटली, मोटर कोरडी चालली.’ ‘बेअरिंग गेलं, रोटर घासला.’ ‘उंदीर.’

शेतकरी यायचा तो भांडायलाच. आठ महिन्यांपूर्वी बांधलेली मोटर परत जळाली, म्हणजे अण्णांनी तार हलकी घातली असणार. अण्णा वाद घालायचे नाहीत. मोटर त्याच्यासमोर उघडायचे, मग त्याला भिंतीपाशी न्यायचे आणि एक भेंडोळं काढून हातात द्यायचे. शेतावरची मोटर विजेच्या तीन फेजवर चालते, प्रत्येक फेजचा तारांचा गट वेगळा. त्या भेंडोळ्यात दोन गट काळेठिक्कर, तिसरा नव्यासारखा लखलखीत.

“तुमचीबी अशीच हाय का बघा. दोन जळले, एक कोरा. हलकी तार असती तर तिन्ही काळे झाले असते. एक फेज गेली आणि मोटर दोनावरच ओढत बसली. रात्री लाईट आली तवा तुम्ही कुठं होता?”

“घरात. ऑटो लावलाय की.”

मग दोघंही गप्प. रात्रीची वीज, ऑटो स्विचनं आपोआप सुरू झालेली मोटर, बांधावर कुणी नाही, एक फेज गायब. सगळं चित्र त्या माणसाच्या डोळ्यांपुढं उभं राहायचं, कारण ते त्याच्याच रानातलं होतं. थोड्या वेळानं तोच विचारायचा, “मग ह्याला काय बसवायचं?” फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण अण्णांनी कितीतरी विकलं, आणि बहुतेक भांडायला आलेल्यांनाच विकलं. विकत घ्या असं ते कुणाला म्हणालेले मी ऐकलं नाही.

अगदी कडेच्या खिळ्यावर एक भेंडोळं होतं, त्याची चिठ्ठी मी लहानपणी पुन्हा पुन्हा वाचायचे. ‘वार्निश नीट वाळवलं नाही. माझी चूक.’ खाली तारीख. आई म्हणायची, ते काढा, लोक काय म्हणतील. अण्णांनी दुकान बंद करेपर्यंत ते काढलं नाही. गंमत म्हणजे लोक त्याच खिळ्यापाशी जास्त वेळ उभे राहायचे.

आमचा भाग या बाबतीत नशीबवान. मिरज-पुणे लाइनवर भिलवडी आणि किर्लोस्करवाडी ही स्टेशनं जवळजवळच येतात, आणि दोन्ही ठिकाणी एकेक मोठी गोष्ट आहे.

किर्लोस्करवाडीची जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला. तो खपेना. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली म्हणतात. माल वाईट नव्हता. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्याची समजूत होती. आज हसायला येतं, पण शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर, सगळं पोट त्या चार बिघ्यांवर, आणि कुणी एक दुकानदार येऊन सांगतो की लोखंड घाला. शंका चुकीची होती, भीती खरी होती. ‘आमचा नांगर उत्तम’ असं शंभरदा ओरडून ती गेली नसती.

पुढे १९१० मध्ये औंधच्या राजांनी जागा दिली आणि माळरानावर कारखाना आणि वसाहत उभी राहिली. १९२० मध्ये तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. नांगर करणाऱ्या कारखान्याचं मासिक! चालवणारे शंकरराव किर्लोस्कर मुळात चित्रकार. सुरुवात कारखान्याच्या खबरबातीनं झाली, पण मासिक तिथं थांबलं नाही. पुढे त्याचं नुसतं ‘किर्लोस्कर’ झालं, मग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली, आणि ज्या घरात नांगर ठेवायला जागा नव्हती अशा दादर-गिरगावातल्या घरांतही किर्लोस्कर हे नाव रोजच्या बोलण्यातलं झालं. आता याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात आणि त्याचे कोर्स विकतात. मला त्यातलं आवडतं ते वेगळंच: शंकररावांनी प्रत्येक पानावर नांगर आणला नाही. आजचा मालक असता तर म्हणाला असता, “कथा छान आहे ताई, फक्त नायिकेच्या हातात आपला पंप दाखवा.”

भिलवडीची गोष्ट चितळ्यांची. दुधाचा धंदा तिथला, मिठाईचं दुकान पुण्यातलं, आणि गोष्ट कोणती तर दुपारी एक ते चार दुकान बंद. ही कल्पना घेऊन कुठली जाहिरात एजन्सी मालकाकडे गेली असती तर तिला जिन्यावरून खाली ढकललं असतं. पण ती कुणी रचलीच नव्हती. गिऱ्हाइकांनी रचली, बंद दाराबाहेर घड्याळ बघत, मग ऑफिसात सांगत, मग अमेरिकेतल्या भाच्याला पाठवत. विनोद चेष्टेचा, पण त्याच्या पोटात एक कबुली असायची: तीन तास दुकान लावून घेतात आणि तरी बाकरवडी संपते. २०१७ मध्ये दुकान दुपारीही उघडं राहू लागलं तेव्हा त्याची बातमी झाली. दुकान उघडं असल्याची बातमी! माझी सदाशिव पेठेतली मावशी तर हळहळली. तिनं दुपारी तिथं कधी काही घेतलेलं नाही, पण आता दूषणं कुणाला द्यायची?

ते बघून माझ्या एका गिऱ्हाइकानं उपनगरातल्या दुकानात मुद्दाम तिरकस पाट्या करून लावल्या. ‘उगाच भाव विचारू नये’, ‘सुट्टे नसल्यास परत जावे’. लोक परत गेले.

आणि कोल्हापुरीचं तर सगळ्यांना आठवत असेल. जून २०२५, मिलान, प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचा शो, मॉडेलच्या पायात आपली चप्पल आणि नाव काय तर लेदर सँडल. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेलं, महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांसाठी. आपल्याकडे ओरड झाल्यावर कंपनीनं प्रेरणा कुठली ते मान्य केलं. मला त्या प्रकरणात राहून राहून वाटतं ते हे, की त्यांनी चामडं घेतलं, घाट घेतला, अंगठा घेतला, फक्त कातडं कमावणाऱ्याचा आणि शिवणाऱ्याचा हात तेवढा कापून टाकला. पण आपण तरी काय करत होतो? रस्त्यावर तीच चप्पल ‘शेवटचे दोनशे द्या’ म्हणून घासाघीस करून घेत होतो. ती करकर का वाजते, घडवायला किती दिवस जातात, हे विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही. गोष्ट होती, पण ती सांगायला उभं राहण्याइतकं त्या माणसाला कुणी मोठं मानलंच नव्हतं. माझ्याकडे ‘स्टोरी पाहिजे’ म्हणून येणाऱ्यांत आजवर एकही चप्पल करणारा आलेला नाही. व्यापारी आलेत. तिघे.

माझी ही मतं ऐकून धंद्यातले मित्र म्हणतात, तुला अपयशाची हौस आहे. असेल. पण नवीन गिऱ्हाईक आलं की ‘तुमचा प्रवास सांगा’ असं मी आता विचारत नाही, कारण मग सगळे दोन हजार रुपये आणि एक खोली यापासून सुरू करतात. मी विचारते, माल परत कधी आला होता? तक्रार करणारी शेवटची व्यक्ती काय म्हणाली? काही जण उठून जातात. जे बसतात त्यांच्याकडून एका तासात वर्षभराचा मजकूर निघतो.

मागच्या आठवड्यात मसालेवाल्याचा फोन आला. लातूरच्या एका बाईंनी पाकिटाचा फोटो पाठवला होता, मसाल्यात बारीक गोळे होते. त्यानं घाबरून त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाच मिनिटांचा आवाज पाठवला. कांदा कसा वाळवतो, काप मोडून कसा बघतो, पहिल्या वर्षी साठ किलो कसे पुरले, आणि ओला चमचा घातला की गोळे कसे होतात, सगळं. मधे एक काप मोडूनही ऐकवला म्हणे. बाईंनी कबूल केलं की चमचा ओला होता. मग तो आवाज त्यांनी आपल्या भिशीच्या ग्रुपवर टाकला आणि तिथून बावीस पाकिटांची ऑर्डर आली.

“ताई, आता ते कांद्याचं लिहायचं का?”

“लिहू की. आजी काढून टाकू या?”

जरा वेळ फोनवर नुसता डंकाचा आवाज येत राहिला.

“आठ हजार पाकिटं छापलीयत ओ,” तो म्हणाला. “दिवाळीपर्यंत आजी राहू दे.”