लाकूड तुमचं, झाड तेवढं उतरवून द्या

"दादा, लाकूड तुमचं, झाड तेवढं उतरवून द्या." वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या भागात झाडतोडीचा व्यवहार वर्षानुवर्षे याच एका वाक्यावर चालत आला आहे. मी एकवीस वर्षांपासून हे काम करतो. माझ्याआधी माझे बाबा कुऱ्हाड आणि कासरा घेऊन हेच करत असत. या व्यवहारात आमच्या हाती जो पैसा येतो, तो लाकडाचा. निंब असेल, बाभूळ असेल, तर आरा मशीनवाला किंवा वीटभट्टीवाला ट्रॉलीच्या हिशेबाने उचलून नेतो, आणि मजुरी, पेट्रोल व ट्रॅक्टरचे भाडे वजा जाता जे उरते ती आमची कमाई. वर कोण चढणार, किती उंच चढणार, खाली कोणाचे घर आहे, फांद्यांतून कोणती तार गेली आहे, याला त्या हिशेबात जागाच नसते. पावसाळा तोंडावर आला की आम्हाला रोज फोन येतात, आणि प्रत्येक फोनवर हेच वाक्य ऐकू येते, म्हणून हा हिशेब एकदा सविस्तर मांडावा असे मला वाटले.

या हिशेबातला सर्वांत मोठा दोष असा, की जे झाड उतरवायला सर्वांत धोक्याचे, त्याचेच लाकूड सर्वांत कवडीमोल असते. घराला खेटून वाढलेला गुलमोहर घ्या. त्याचे लाकूड ठिसूळ, मुळे वरवर पसरलेली, आणि आपली जमीन काळी भारी. उन्हाळ्यात या जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाच्या पावसाने तीच जमीन फुगून लोण्यासारखी मऊ होते, आणि पहिल्याच वावधनात गुलमोहर मुळासकट आडवा होतो. असे झाड बुंध्यातून पाडता येत नाही, कारण ते पडायला जागा नसते. एकाने वर चढून शेंड्याकडून तुकडे करायचे, दोघांनी प्रत्येक तुकडा दोराने बांधून टिनांच्या छपरावरून अलगद खाली घ्यायचा, असे दीड-दोन दिवस चालते. त्यातून निघणारे लाकूड वीटभट्टीवालाही आनंदाने नेत नाही. घरमालकाला मात्र वाटते, की लाकूड दिले म्हणजे मजुरी दिली. मग गुत्ता, म्हणजे ठेका, फिसकटतो, झाड तसेच उभे राहते, आणि एखाद्या रात्री ते छपरावर येते. याउलट धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, सरळ, निरोगी, भर मे महिन्यात बैलजोडीला सावली देणारा निंब एका सकाळीत विकला जातो, कारण त्याच्या खोडात पैसा असतो. जे झाड काढायला हवे ते राहते आणि जे राखायला हवे ते जाते. हे मी स्वतःच्या हातांनी केले आहे, आणि त्याचे मला वाईट वाटते.

हे काम अंगमेहनतीचे आहे असे लोक समजतात. मेहनत आहेच, पण त्याआधी झाड पाहणे आहे. मी झाडाभोवती दोनदा फिरतो. बुंध्याशी भूछत्रे उगवली आहेत का, उधईच्या मातीचे माग वर गेले आहेत का, कोणत्या बाजूच्या फांद्या जड आहेत, हे पाहतो. मग कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर हातभर अंतराने ठोकत जातो. भरीव खोडाचा आवाज बद्द येतो आणि पोकळ खोड मडक्यासारखे वाजते. चिंचेच्या मनगटाएवढ्या फांदीवर मी निर्धास्त उभा राहतो, कारण चिंच मोडण्याआधी वाकते, करकरते, माणसाला सावध करते. जांभूळ तसे करत नाही. जांभळाची हिरवीगार, पानांनी भरलेली फांदीसुद्धा काडीसारखी एकदम मोडते. शेवग्याचेही तसेच.

वजनाचा अंदाज लोकांना नसतो, म्हणून तो सांगतो. एक फूट जाडीचा आणि सहा फूट लांबीचा ओल्या बाभळीचा तुकडा सव्वाशे किलोच्या पुढे भरतो. तो नुसता तोडून सोडला, तर खाली येताना आपटतो, उसळतो आणि भिंत घेऊन जातो. म्हणून आधी खालून थोडा काप द्यायचा, म्हणजे साल फाटत खोडावर येत नाही; मग वरून कापायचे, आणि वरच्या बेचक्यातून आणलेल्या दोरावर तो तुकडा तोलायचा. बाबांच्या काळी हा दोर माझी माय धरायची. दोराचे दोन वेढे बुंध्याभोवती घेऊन ती पाय रोवून उभी राहायची आणि वजन आले की दोर हळूहळू सोडायची. दोर एकदम आवळून धरला तर तुकडा झोका घेऊन परत खोडावर आदळतो, आणि त्याच खोडावर माणूस उभा असतो; एकदम सोडला तर तळहाताची कातडी दोरासोबत निघून जाते. मायच्या दोन्ही तळव्यांवर त्या कामाचे पांढरे वण आजही आहेत. तिला त्याची वेगळी मजुरी कधीच मिळाली नाही, कारण व्यवहार बाबांशी झालेला असे आणि तो लाकडावर झालेला असे.

कललेल्या झाडाचा धोका आणखी वेगळा आहे. एका बाजूला झुकलेल्या झाडाच्या धाग्यांत आधीच ताण असतो. त्याला नीट खाच न घेता, घाईने मागून साखळी-करवतीचे मशीन लावले, तर काप अर्ध्यावर असतानाच खोड उभे फाटते आणि फाटलेला भाग मागे, म्हणजे कापणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर उसळतो. त्यातून सुटायला वेळ मिळत नाही. म्हणून पाडायच्या बाजूने जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढी खाच घ्यायची, आणि मागून कापत येताना मध्ये लाकडाची एक पट्टी बिजागरीसारखी शाबूत ठेवायची, म्हणजे झाड त्या पट्टीवर वळत ठरलेल्या बाजूला जाते. हे मला कोणी वर्गात शिकवले नाही. आमच्या भागातल्या कोणालाच शिकवले गेलेले नाही, आणि मशीन मात्र आता गावोगावी कोणीही विकत घेतो.

२०११ च्या जून महिन्यात बाबा जांभळावरून पडले. वीस फुटांची उंची असेल. वीस फुटांवरून जमिनीवर यायला सव्वा सेकंदही लागत नाही, आणि टेकताना वेग ताशी जवळपास चाळीस किलोमीटर झालेला असतो. ते पायांवर पडले, म्हणून वाचले, पण पायांवर पडणाऱ्याची टाच फुटते आणि तोच हादरा मणक्यात जातो. त्यांचे दोन्ही झाले. मी तेव्हा खाली फांद्या ओढत होतो. कडाड असा आवाज आला, मग पाने खाली आली, आणि मग बाबा. मी धावत गेलो तेव्हा ते शुद्धीवर होते आणि मला एवढेच म्हणाले, "मले हलवू नको गा." आठ महिने ते खाटेवर होते. झाडाचे मालक सज्जन होते. त्यांनी दोन हजार रुपये दिले आणि उरलेले लाकूड घरपोच केले. त्यांना मी दोष देत नाही. त्या व्यवहारात पडलेल्या माणसासाठी काही ठरलेलेच नव्हते, तर ते तरी कुठून देणार?

त्याच झाडावरून मालक स्वतः पडले असते तर आज काय झाले असते, ते पाहा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडून झालेला अपघात, विजेचा धक्का, सर्पदंश हे सगळे बसते, आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. पण ती योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या आणखी एका सदस्यासाठी आहे. योजना चांगलीच आहे, आणि शेतकऱ्याला ती हवीच. पण आमच्या भागात झाडावर चढणारे बहुतेक भूमिहीन आहेत. ज्याचे झाड आहे त्याला संरक्षण आहे, आणि जो त्या झाडावर चढतो त्याला नाही. सातबारा नसलेल्या मजुराला या योजनेत घ्यावे, ही माझी शासनाकडे स्पष्ट मागणी आहे.

विजेच्या तारांबद्दल मी थोडे कठोर बोलणार आहे. गावाबाहेरून जाणारी ११ केव्हीची लाइन म्हणजे ११,००० व्होल्ट. तिला हात लागावा लागत नाही. ओली, रसाने भरलेली फांदी तिला टेकली तरी प्रवाह फांदीतून माणसापर्यंत येतो. तीन वर्षांपूर्वी एका शेतातला निंब छाटताना लाइन बंद असल्याचे आम्हाला फोनवर सांगण्यात आले. मी वर होतो. काम अर्धे झाले असताना बाजूच्या विहिरीवरचा मोटारपंप आपोआप सुरू झाला, आणि तो आवाज ऐकून मला कळले की वीज आली आहे. माझ्या डाव्या खांद्यापासून तार चार हातांवर होती. मी खोडाला मिठी मारून जवळजवळ वीस मिनिटे तसाच थांबलो. खालच्या पोराने फोन लावला, पुन्हा लाइन बंद झाली, तेव्हा उतरलो. कोणाची चूक झाली हे मी इथे लिहीत नाही. पण तेव्हापासून फोनवरच्या शब्दावर मी चढत नाही. लाइनमन स्वतः जागेवर आला पाहिजे, त्याने लाइन बंद करून ती जमिनीशी जोडली पाहिजे, आणि मी खाली उतरून त्याला सांगेपर्यंत त्याने जागा सोडता कामा नये. यात अर्धा दिवस जातो. तो जाऊ द्या.

आग्या मोहोळ असलेले झाड मी घेतच नाही. जमिनीवरचा माणूस पळू शकतो, दोराला बांधलेला पळू शकत नाही. फुलोरा सरला की या माशा पोळे सोडून दुसरीकडे जातात, तेवढे थांबायला काय हरकत आहे? उन्हाचे म्हणाल तर पारा ४५ च्या घरात गेला की आम्ही पहाटे साडेपाचला सुरुवात करतो आणि अकराला उतरतो, कारण डोळ्यांत घाम आणि भुसा एकत्र गेला की काप चुकतो. परवानगीचेही एक सांगून ठेवतो. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडे स्वतःच्या वावरात असली, तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार ती तोडायला आधी परवानगी लागते, आणि "मागून काढून घेऊ" म्हणणाऱ्या मालकाचे काम आम्ही घेत नाही, कारण पकडली जाते ती आमची ट्रॉली आणि आमचे मशीन.

२०१९ पासून आम्ही पूर्ण अंगाचा पट्टा, हेल्मेट आणि दोन स्वतंत्र दोर वापरतो. एक दोर माणसाचा, एक लाकडाचा, आणि त्यांची अदलाबदल कधीही नाही. आम्ही ते उसनवारी करून घेतले. सुरुवातीला लोक म्हणायचे, "एवढ्याशा झाडाले पट्टे कायले लागते गा?" आता म्हणत नाहीत. पण पट्टा बांधून काम केले की वेळ दीडपट लागतो आणि त्या वेळेची मजुरी लाकडातून निघत नाही. म्हणून या वर्षीपासून आम्ही व्यवहार बदलला आहे. चढणाऱ्याची आणि दोर धरणाऱ्याची रोजी रोख, आधी ठरवून; लाकूड मालकाचे, ते त्यांनी ठेवावे किंवा विकावे. यामुळे काही कामे हातची गेली आहेत. एक चांगली गोष्टही घडली आहे: रोख मजुरी द्यावी लागते म्हटल्यावर दोन शेतकऱ्यांनी धुऱ्यावरचे निंब तोडण्याऐवजी फक्त वाळक्या फांद्या काढून घेतल्या, आणि ते निंब उभे आहेत.

माझ्यासारखे काम करणाऱ्या भावांना आणि दोर धरणाऱ्या माय-बहिणींना एक विनंती आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेला सातबारा लागत नाही. वय १८ ते ७० आणि बँकेत खाते, एवढे पुरते. वर्षाचे २० रुपये खात्यातून कापले जातात. अपघाती मृत्यूला किंवा दोन्ही हात किंवा दोन्ही पाय गेल्यास दोन लाख, एक हात किंवा एक पाय गेल्यास एक लाख. बाबांसारखी टाच आणि पाठ मोडली तर दवाखान्याचा खर्च यातून मिळत नाही, हे आधीच समजून घ्या. विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते, आणि हप्ता कापण्याच्या वेळी, म्हणजे मे अखेरीला, आपण सगळे झाडांवर असतो. खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. काल मी माझ्या दोन्ही साथीदारांची पासबुके बँकेत नेऊन छापून घेतली. एकाच्या खात्यात अकरा रुपये होते. शंभर भरून आलो.