कोड चालला तर हात लावू नका

सेकंड इयरला एखाद्या संध्याकाळी जर्नलबाहेरचा प्रोग्राम लिहून बघावासा वाटला, तर घाबरून जाऊ नका. परभणी असो, लातूर असो की अंबाजोगाई, बीसीए-बीएस्सीच्या पोरांना हे होतं. वेळीच लक्ष दिलं तर आवड तिथल्या तिथं थांबते आणि डिग्रीला काही धक्का लागत नाही.

पहिलं म्हणजे लॅबमधला टर्बो सी++ सोडू नका. हा १९९० सालचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड मशीनला कळेल असा करून देणारा प्रोग्राम. सी++ भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं १९९८ ला, म्हणजे हा त्याच्याही आधीचा, वयानं मोठा, मान ठेवा. ६४ बिटच्या विंडोजवर तो सरळ चालत नाही, डॉसबॉक्स नावाच्या, जुनं डॉस उभं करणाऱ्या प्रोग्राममध्ये घालून चालवावा लागतो, तेवढे कष्ट घ्याच. जीसीसी हा आजचा कंपायलर फुकट मिळतो, त्याचं नाव काढू नका. वर व्हॉइड मेन, मग क्लिअर स्क्रीन, शेवटी गेटसीएच, हा क्रम पाठ करा. गेटसीएच कशाला लागतं, असं विचारायचं नसतं.

इथं एक धोका आहे. घरचं सोयाबीन विकलं की एखाद्याला आडत्याची पट्टी प्रोग्रामवर करायची हुक्की येते. क्विंटल १०, भाव ४,००० धरला, दोन्ही इंट, म्हणजे पूर्णांकाचा साधा प्रकार, केला गुणाकार. स्क्रीनवर येतात उणे २५,५३६ रुपये. माल घालायचा आणि वर पैसेही शेतकऱ्यानंच द्यायचे! टर्बोचा इंट १६ बिटांचा. त्यात ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही, म्हणून ४०,००० मधून ६५,५३६ वजा होऊन जे उरतं ते दिसतं. कोणी शहाणा सांगेल, उत्तराचा व्हेरिएबल लाँग कर, म्हणजे मोठ्या आकड्याचा. करा खुशाल, उत्तर तेच येईल. गुणाकार दोन इंटांचाच होतो, आकडा तिथंच बिघडतो, आणि बिघडलेला आकडा लाँगमध्ये ऐसपैस जाऊन बसतो. गुणण्याआधीच क्विंटल किंवा भाव यातल्या एकाला लाँग करावं लागतं, आणि छापताना इंटच्या टक्का-डी ऐवजी लाँगचा टक्का-एल-डी. एवढं स्वतःच्या हातानं शोधून काढलेलं पोरगं मग रात्री दोनपर्यंत उठत नाही. त्यापेक्षा क्विंटल ५ करा. वीस हजार बरोबर येतात, प्रॅक्टिकलचे मार्कही पडतात.

मराठीत नावं छापायच्या नादी तर लागूच नका. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीतल्या ‘परभणी’ची लांबी स्ट्रलेन या लांबी मोजणाऱ्या फंक्शनला विचारली तर तो १५ सांगतो. प, र, भ, ण आणि वेलांटी अशा पाच खुणा, प्रत्येकीला तीन बाइट. इंग्रजी स्पेलिंग लिहा, आठावर विषय मिटतो.

एरर आला तर वाचू नका. कंपायलर म्हणतो ओळ १२, आणि राहिलेला सेमीकोलन असतो ११ वर, कारण पुढचा शब्द आल्याशिवाय काही राहिलंय हे त्याला कळत नाही. हे माहीत असणारा माणूस एक ओळ वर बघतो आणि मोकळा होतो. तुम्ही मोबाइलनं स्क्रीनचा तिरपा फोटो काढा, ग्रुपवर टाका आणि लिहा, ‘सर, एरर यायलाय.’ कोणता, ते लिहू नका. एआयला विचारायचं तर पूर्ण फाइल द्या, तो देईल ती पूर्ण फाइल चिकटवा, नवा एरर आला की तोही द्या. काही फेऱ्यांनी पहिलाच एरर परत येतो. तेव्हा जेवायला उठावं.

कोडच्या आवृत्त्या जपणारं गिट २००५ पासून फुकट आहे, पण ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘खरं फायनल’ अशा तीन झिप फायलींची सर त्याला नाही. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकायचंच झालं तर डेटाबेसच्या पासवर्डसकट टाका. कोणी बोललं तर ती फाइल डिलीट करून पुन्हा कमिट मारा, म्हणजे नवी आवृत्ती नोंदवा. जुन्या कमिटमध्ये पासवर्ड जसाच्या तसा वाचता येतो, पण पहिल्या पानावर तर दिसत नाही! पासवर्ड बदलणं हाच खरा इलाज, तेवढा कटाक्षानं टाळा.

राहिला प्रोजेक्ट. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम घ्या, तीही तयार, बाइंडिंगसकट. आधीच्या मालकाचं नाव फाइंड-रिप्लेसनं बदला, सर्टिफिकेटचं पान मात्र हातानं तपासा. ते बऱ्याचदा चित्र असतं, रिप्लेस तिथं पोचत नाही. व्हायव्हाला ‘बॅक एंड पार्टनरनं केलं’ म्हणा. पार्टनरशी आधी बोलून घ्या, नाहीतर तोही तेच म्हणतो. पुण्यातल्या मावसभावाला लोकलहोस्टची लिंक पाठवा. ती त्याच्या मोबाइलवर त्याच्याच मोबाइलला शोधत बसते, त्यामुळे तुमचं काम कोणी बघायची भीती नाही.

सगळ्यात वाईट प्रोजेक्ट म्हणजे गल्लीतल्या किराणा दुकानाची उधारीची वही. लायब्ररीवाला प्रोजेक्ट सबमिशननंतर कोणी उघडत नाही. ही वही दुकानदार रोज उघडतो. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन येतो, ‘अरे, मास्तरांनी पाचशे दिले एकदाच, अन् जमा दोनदा दिसायली.’ त्यानं जमा केल्यावर पान रिफ्रेश केलेलं असतं, ब्राउझरनं तोच फॉर्म पुन्हा पाठवलेला असतो. नोंद झाल्यावर पानाला दुसऱ्या पत्त्यावर रीडायरेक्ट केलं की हे थांबतं. पीएचपीत एका हेडरच्या ओळीचं आणि तिच्याखाली एक्झिट लिहायचं काम. पण ती ओळ शोधायला बसलात तर त्या दिवसाचं लेक्चर गेलं म्हणून समजा. दुकानदाराला सांगा, ‘काका, रिफ्रेश मारू नका.’