व्यसनविरोधी दिन यशस्वी करण्याच्या काही हमखास युक्त्या

अभिनंदन! यंदाच्या व्यसनविरोधी कार्यक्रमाची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली आहे. बिचकू नका. तरुण पोरांना व्यसनापासून लांब ठेवणं महाकठीण. त्याबद्दलचा कार्यक्रम पार पाडणं अगदी सोपं. तुमच्याकडून अपेक्षा या दुसऱ्या कामाची आहे.

तारखा तयारच आहेत. ३१ मे तंबाखूविरोधी दिन, २६ जून अमली पदार्थविरोधी दिन. दोन दिवस सांभाळले की उरलेलं वर्ष मोकळं. दारूचं काय, असं कुणी विचारलंच तर विषय बदला. मान्यवरांपैकी काहींना संध्याकाळी त्याच कामासाठी लवकर निघायचं असतं.

वक्ता उंटावरून शेळ्या हाकणारा हवा, आणि भाषणात भीती हवी. ‘एक झुरका म्हणजे मरण!’ असं टाळ्यांच्या आधी थांबून म्हणायला सांगा. समोर बसलेल्या मुलाचा काका वीस वर्षं ओढतोय. खोकतो, पण रोज कामाला जातो. मुलगा तिथल्या तिथे हिशोब करतो, की हा माणूस थापा मारतोय. मग त्याच वक्त्याने पुढे सांगितलं, की तंबाखूमुळे जगात दरवर्षी ७० लाखांहून जास्त माणसं मरतात, न सोडणाऱ्यांपैकी निम्म्यांपर्यंत लोकांचा ती जीव घेते, तर ही खरी गोष्टही थापांच्याच खात्यात जमा होते. एका वाक्यात एवढं काम दुसरं कशाने साधणार?

पडद्यावर प्रत्येक पदार्थाचं चित्र दाखवा. नाव काय, दिसतो कसा, घेतात कसा. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांचीही सोय होते. शेवटी खिन्न चेहऱ्याने म्हणा, ‘हल्ली सगळीच पोरं घेतात.’ वर्गातले बहुतेक जण घेत नसतात, पण आपण एकटेच मागे राहिलोय की काय, अशी शंका त्यांच्या मनात सोडून देणं तुमच्या हातात आहे.

आता खरी कसोटी. मागच्या बाकावरून एखादा हात वर येईल. ‘सर, एकदाच घेऊन बघितली तर काय होतं?’ सभागृहात खसखस पिकेल. इथे तोल जाऊ देऊ नका, कारण या प्रश्नाला खरं उत्तर आहे आणि ते मुलांना समजतं. ओढलेल्या धुरातलं निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. त्या मेंदूचा सारासार विचार करणारा, ब्रेक लावणारा भाग जवळपास पंचविशीपर्यंत घडत असतो. मजा हवी म्हणणारा भाग मात्र कधीच तयार झालेला असतो. म्हणून त्या वयात सवय लवकर जडते. एकदा घेतलेले सगळे अडकत नाहीत, पण कोण अडकणार हे आधी कळायची सोय नाही. पंधरा वर्षांच्या आत दारू सुरू केलेल्यांत पुढे व्यसनी होणाऱ्यांचं प्रमाण उशिरा सुरू करणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं. हे सगळं दोन मिनिटांत सांगून होतं, म्हणूनच सांगायचं नाही. ‘नाव काय रे तुझं? वडील काय करतात?’ एवढं विचारा. पुन्हा हात वर येणार नाही.

पालकांनाही दोन शब्द सांगा. सिगारेटचं पाकीट संपलं की पोरालाच पिटाळावं. जाता-येता पाय मोकळे होतात. मित्रमंडळी जमली की बर्फ त्यालाच आणायला लावावा, आणि ती उठून गेल्यावर संस्कारांवर बोलावं. तो रात्री कुणाबरोबर असतो, हे विचारू नये. आडात नाही ते पोहऱ्यात शोधायची जबाबदारी शाळेची.

कंपन्यांबद्दल चकार शब्द नको. एका बड्या सिगारेट कंपनीच्या १९८१ सालच्या अंतर्गत अहवालात, आजची किशोरवयीन मुलं म्हणजे उद्याची संभाव्य कायमची गिऱ्हाइकं, असं स्वच्छ नोंदवलेलं आहे. पुढे फळांच्या स्वादाच्या, पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या ई-सिगारेटी आल्या. या धंद्याला मुलांची आठवण वर्षभर येते. आपण त्यांच्याशी कशाला स्पर्धा करा!

एखादा आगाऊ शिक्षक आइसलँडचं उदाहरण काढेल. तिथे १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेली होती; २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारे २३ वरून ३ टक्क्यांवर. पण त्यासाठी त्यांना काय काय करावं लागलं, तेही ऐका. मुलांच्या खेळासाठी, संगीतासाठी सरकारने पैसे दिले. पोरांनी रात्री उशिरा बाहेर भटकू नये म्हणून वेळा ठरवल्या. मुलांकडून नियमितपणे प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि त्या वाचल्यासुद्धा. सगळ्यात भयंकर म्हणजे, आईबापांना पोरांबरोबर जास्त वेळ घालवायला लावलं. अठरा वर्षं ही दगदग! तुमचा कार्यक्रम चहापाण्यासकट दोन तासांत आटोपतो.

आणि एक धोका. सगळं संपल्यावर, खुर्च्या उचलताना, एखादा मुलगा जवळ येईल. इकडेतिकडे बघत हळूच म्हणेल, ‘सर, मी घेतो. सुटत नाहीये.’ त्याला बसवून घेऊ नका. व्यसन हा आजार आहे, त्यावर समुपदेशन असतं, औषधोपचार असतात, घसरलेला माणूस पुन्हा उभा राहतो, हे मुळीच सांगू नका. सगळ्यांदेखत झापा, घरी फोन लावा, जमलं तर शाळेतून नाव काढून टाका. बाकीच्यांना काय तो बोध होईल, आणि पुढच्या वर्षी कुणी जवळ फिरकणार नाही. मग अहवालात ‘एकही प्रकरण आढळून आले नाही’ असं बिनदिक्कत लिहिता येतं. अहवाल तीन प्रतींत पाठवायचा असतो. फोटो जोडायला विसरू नका.