केबलवाला येतोय? तयारी करूच नका

फायबरचं कनेक्शन घ्यायचं ठरलं, की केबलवाला मुलगा शिडी घेऊन दारात उभा राहीपर्यंत राउटर कुठे बसवायचा याचा घरात कोणीही विचार करायचा नाही. जागा तोच निवडेल. ती दारामागचीच असेल, कारण तिथे वायर कमी लागते. फारच हौस असेल तर तुम्ही लोखंडी कपाटामागची सुचवा. जुनं धाब्याचं घर असेल तर सोन्याहून पिवळं: मातीच्या जाड भिंतीपुढे 5 गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल मान टाकतो आणि 2.4 वाला कसाबसा मागच्या खोलीत पोचतो. मधल्या खोलीत उंचावर ठेवला तर सगळीकडे नेट येईल, मग पोरं ओसरीवर येऊन बसणार कशाला?

मुहूर्त एप्रिल-मेचा धरा. गच्चीवर बिबडे-कुरडया वाळत असतात, तेव्हा मुलाला वर पाय ठेवू द्यायचा प्रश्नच नाही. बिचारा वायर खिडकीच्या फटीतून आत घेईल. तिच्या पोटातली काच जेमतेम 0.125 मिलिमीटरची. रोज खिडकी धाडकन लावत राहा, एके दिवशी एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लागेल. भिंतीला भोक पाडायचंच असेल तर बाहेरून आत उतरतं पाडायला सांगा आणि बाहेर वायरीला खाली लोंबता वळसा मुळीच ठेवू देऊ नका. जुलैत पाणी वायरीवरून ओघळत थेट राउटरच्या डब्यापर्यंत आलं पाहिजे.

उरलेली वायर दाव्यासारखी आवळून खिळ्याला टांगा. बोटाएवढ्या वळशात उजेड काचेबाहेर सांडतो, सांडू द्या. हिरव्या कनेक्टरचं टोक अंगठ्यानं पुसून मगच खोचा. बोटाचं तेल नको तिथे बरोबर चिकटतं. उंदरानं वायर कुरतडली तर दोन्ही टोकं सोला, पीळ मारा, वर काळी टेप. तांब्याच्या तारेला हे चालायचं. काचेला टोकं वितळवून जोडणारं स्प्लायसिंग मशीन लागतं, पण तुमचा हात काय कमी आहे?

जवळ वेगळा प्लग नको. कूलरच्या एक्स्टेंशन बोर्डातच 12 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर खोचा. कूलर हलवताना दर वेळी नेट बंद पडेल. हजार-दीड हजाराचा मिनी यूपीएस म्हणजे उधळपट्टी. लाइट गेल्यावर नेट कशाला हवं?

एवढ्यावरही काही नीट बसलंच, तर शेवटचा उपाय. मुलगा पॉवर मीटर लावून वायरीतून किती उजेड पोचतोय याचा आकडा बघत असेल, नेमकं तेव्हाच त्याला चहाला हाक मारा. आकडा उणे 20 च्या आसपास असला तर जोडणी बरी, उणे 27 च्या पलीकडे गेला तर लाल दिव्याची वाट बघायची. वहीत मात्र लिहू नका. लिहून ठेवलात, तर पुढच्या तक्रारीला ‘आमच्याकडून ओके आहे भो, तुमचा मोबाइलच जुना’ असं म्हणायची त्याची सोय जाईल.