तीन लाख वेळा संदर्भ, पण कशासाठी? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तिखट आहे, पण मुद्द्यांवर आहे, म्हणून नुसते आभार मानून मोकळं होण्याऐवजी सविस्तर लिहितो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. रेण्वीय जीवशास्त्रातल्या (मॉलिक्युलर बायॉलॉजीतल्या) संशोधकाचं काम नुसत्या सायटेशनच्या, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांत त्याचा किती वेळा संदर्भ दिला त्या आकड्यावरून जोखता येत नाही, तो आकडा कशामुळे झाला ते पाहावं लागतं, असं मी म्हटलं होतं. उदाहरण जीवरसायनशास्त्रज्ञ ऑलिव्हर लाउरी यांच्या 1951 च्या पेपरचं घेतलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: ज्याचा तीन लाखांवर वेळा संदर्भ दिला गेला त्या कामाला ‘नुसती पद्धत’ म्हणणं हा तुच्छतावाद आहे. आकडा निदान ओळखीपाळखी बघत नाही, तो बाजूला सारला की वशिल्याचंच राज्य. मी एच-इंडेक्सचा, म्हणजे पेपर आणि त्यांचे संदर्भ मिळून काढलेल्या निर्देशांकाचा, उल्लेखसुद्धा टाळला. आणि दोनशे अर्ज समोर असताना निवड समितीनं काय करायचं, हे मी सांगितलंच नाही. (माझा स्वतःचा एच-इंडेक्स किती, हेही विचारलंत. त्याकडे येतो.)

लाउरींपासून सुरुवात करू. तो पेपर ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’त आला. द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजायची कृती त्यात आहे: अल्कलीत तांबं घालायचं, मग फोलिनचा अभिकर्मक घालायचा, निळा रंग किती गडद येतो ते पाहायचं आणि माहीत असलेल्या प्रमाणाशी ताडायचं. पेशी फोडल्यावर हातात आलेल्या नळीत प्रथिन किती, हे कळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे दशकानुदशकं जगभरच्या प्रयोगशाळांनी ही कृती वापरली आणि पेपरातल्या ‘मटेरियल्स अँड मेथड्स’ या कृतीच्या भागात एक ओळ टाकली. ते तीन लाख त्या ओळींचे आहेत. आपला हा पेपर काही थोर नाही, पण त्याला मिळणारा प्रतिसाद पाहून मनातून गंमत वाटते, अशा अर्थाचं खुद्द लाउरींनी 1977 मध्ये लिहून ठेवलंय. मग तुच्छतावादी मी की ते?

लाउरींचं खरं काम वेगळंच होतं. मेंदूच्या ऊतीतून एकेक चेतापेशी सोडवायची, क्वार्ट्झच्या तंतूच्या तराजूवर तिचं वजन करायचं आणि तेवढ्याशा ऐवजातलं विकर (एन्झाइम) मोजायचं, असल्या सूक्ष्म मापनात त्यांची हयात गेली. त्यांच्या आयुष्यातला विचार तिथे आहे. आकड्याच्या मागे लागून त्यांच्याकडे गेलात तर मात्र तुम्ही 1951 पाशीच थांबाल.

पद्धतींना मी कमी लेखतो, हा आरोप मला खरंच मान्य नाही. फ्रेडरिक सँगर यांना दोन नोबेल मिळाली, 1958 मध्ये इन्सुलिनच्या रचनेसाठी आणि 1980 मध्ये डीएनएचा क्रम वाचण्याच्या पद्धतीसाठी. त्यांची अख्खी कारकीर्दच पद्धती घडवण्यात गेली आणि रेण्वीय जीवशास्त्रात त्यांच्या तोडीची माणसं हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. आता गंमत बघा. 2014 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकानं सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या शंभर पेपरांची यादी काढली. लाउरी पहिले, तीन लाखांच्या वर. सँगर यांचा 1977 चा पेपर चौथा, पासष्ट हजारांच्या आसपास. म्हणजे आकड्याच्या हिशोबात निळ्या रंगाची ती कृती डीएनए वाचण्याच्या शोधाच्या साडेचारपट भरते. आणि 1953 चा वॉटसन-क्रिक यांचा दुहेरी सर्पिलाचा पेपर? पहिल्या शंभरात नाहीच. तुम्ही विचारलंत, ‘तीन लाख लोक चुकीचे आणि तुम्ही एकटे बरोबर?’ ते सगळे बरोबर आहेत. प्रथिन मोजलं, कसं मोजलं ते प्रामाणिकपणे नोंदवलं. श्रेष्ठतेचं मत त्यांच्याकडे कुणी मागितलंच नव्हतं.

त्याच यादीतला दुसऱ्या क्रमांकाचा पेपर मला जास्त बोलका वाटतो. उलरिक लेम्ली, 1970, ‘नेचर’, एकट्याच्या नावावर. टी-4 या विषाणूचं डोकं जुळून येताना त्यातली प्रथिनं कशी छाटली जातात, हा त्याचा विषय. ते पाहण्यासाठी लेम्लींनी प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल सुधारून घेतलं, आणि आज प्रथिनांवर काम करणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी ते जेल ओततो. दोन लाखांवर संदर्भ त्या जेलला आहेत. ज्या प्रश्नासाठी ते बनवलं तो प्रश्न पेपराच्या शीर्षकातच लिहिलेला आहे, तरी संदर्भ देणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसतो. याच लेम्लींनी पुढे गुणसूत्रातली हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) काढून टाकली की आत सांगाड्यासारखं काय उरतं, ते दाखवलं. मला विचाराल तर त्यांच्यातला जीवशास्त्रज्ञ तिथे भेटतो.

उलटही घडतं. काम इतकं मुरतं की संदर्भ द्यायची गरजच संपते. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1963 चा पेपर घ्या. प्रथिनाच्या साखळीला कोणते कोन शक्य आहेत आणि कोणते नाहीत, याचा त्यांचा आलेख आज प्रत्येक नव्या प्रथिन-रचनेच्या तपासणीत वापरला जातो. लोक ‘रामचंद्रन प्लॉट’ म्हणतात आणि पुढे जातात, मूळ पेपर संदर्भसूचीत असतोच असं नाही. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानं अशा लोपाला नावही देऊन ठेवलंय. असं लुप्त होणं हा खरं तर मोठा सन्मान, पण मोजणारं यंत्र तो शून्यात धरतं.

आता वशिला. तुमचा हा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे आणि त्यामागचा अनुभव मला कळतो. बंद दाराआड ‘हा आपला’ म्हणून निवडी होतात तेव्हा आकडा हा बाहेरच्या माणसाचा एकमेव आधार असतो. पण आकडा आला की वशिला जातो, हे मला दिसलेलं नाही. तो वेगळ्या दारानं येतो. एकमेकांचे संदर्भ देणारी टोळकी असतात. पेपर तपासताना ‘आमचे हे पाच पेपर उद्धृत करा’ असं सुचवणारे परीक्षक असतात. स्वतःचेच संदर्भ अवाच्या सवा दिल्याबद्दल काही जर्नलं इम्पॅक्ट फॅक्टरच्या (जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्याच्या) यादीतून निलंबितही झाली आहेत. लॅबप्रमुख म्हणून विद्यार्थ्याच्या प्रत्येक पेपरवर नाव लागणं हासुद्धा ओळखीपाळखीचाच प्रकार, फक्त तो मोजून मिळतो. आणि आकडा खोट्यालाही तितकाच उदार असतो. अल्झायमरमधल्या एका प्रथिनाविषयी 2006 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला एक पेपर आकृत्यांमधल्या फेरफारामुळे 2024 मध्ये मागे घेतला गेला. तोवर त्याला दोन हजारांहून जास्त संदर्भ मिळालेले होते.

एच-इंडेक्सबद्दल. टाळला नव्हता, लांबण लागेल म्हणून सोडला होता, पण आता विषय काढलाच आहे तर बोलू. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं तो 2005 मध्ये मांडला: ज्याच्या किमान ‘एच’ पेपरांना प्रत्येकी किमान ‘एच’ संदर्भ आहेत, त्याचा निर्देशांक ‘एच’. एकाच गाजलेल्या पेपरनं तो फुगत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण हिशोब करून बघा. एकानं चारच पेपर लिहिले आणि प्रत्येकाला दोन हजार संदर्भ मिळाले: एच 4. दुसऱ्यानं तीस लिहिले आणि प्रत्येकाला तीस मिळाले: एच 30. पहिल्यापुढे दुसऱ्याला साडेसातपट भारी मानायला मी तयार नाही, तुम्हीही नसाल. शिवाय हा निर्देशांक कधी खाली येत नाही, वयाबरोबर चढतच राहतो. आपल्या विषयात तर आणखी एक मोठी अडचण आहे. रेण्वीय जीवशास्त्रात नावांच्या क्रमाला अर्थ असतो. पहिलं नाव साधारणपणे स्वतःच्या हातानं प्रयोग करणाऱ्याचं, शेवटचं लॅबप्रमुखाचं, आणि मधली कुणी प्लाझमिड (प्रयोगाला लागणारा डीएनएचा छोटा गोल तुकडा) दिलं, कुणी विश्लेषण केलं, अशांची. एच-इंडेक्सला पहिला आणि सतरावा सारखाच.

माझा किती, म्हणाल तर गूगल स्कॉलरवर एक दिसतो आणि स्कोपस या दुसऱ्या संदर्भ-सूचीवर त्याहून लहान, कारण दोघं वेगवेगळं साहित्य धुंडाळतात. सीव्हीत कुठला लिहायचा हा प्रश्न अजून कुणाला पडलेला मी पाहिला नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मात्र मला बराच वेळ सोडेना: ‘आकड्याला कळत नाही ते समितीला तरी कुठून कळणार?’ काही वेळा नाहीच कळणार. 1987 मध्ये योशिझुमी इशिनो आणि सहकाऱ्यांना ई. कोलाय या जिवाणूच्या एका जनुकाशेजारी पुन्हा पुन्हा येणारा विचित्र क्रम दिसला. त्याचं जैविक महत्त्व माहीत नाही, असं त्यांनी पेपरातच सरळ लिहिलं. तोच पुढे क्रिस्पर निघाला, ज्यावरून जनुकं हवी तशी बदलण्याचं तंत्र आलं. पण 1990 साली तो पेपर कितीही बारकाईनं वाचला असता तरी 2020 चं नोबेल त्यात दिसलं नसतं. इथे आकडा आणि वाचन दोन्ही आंधळे.

कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांचा 2005 चा ‘इम्युनिटी’ या जर्नलातला पेपर मात्र वेगळ्या जातीचा आहे. बाहेरून दिलेला आरएनए पेशीची प्रतिकारयंत्रणा खवळवतो, हीच त्याच्या औषधी वापरातली मोठी अडचण होती. त्यातली काही न्यूक्लिओसाइड (आरएनएचे घटक) बदलली की ही खळबळ ओसरते, हे त्यांनी दाखवलं. त्या वेळी फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पण निष्कर्ष कागदावर स्वच्छ लिहिलेला होता, आणि वाचणाऱ्याला त्याचं मोल कळायला 2023 च्या नोबेलची वाट पाहायची गरज नव्हती. शंभुनाथ डे यांचंही तसंच. कॉलऱ्याच्या जंतूंच्या वाढीतला जंतूविरहित गाळीव द्रवसुद्धा सशाच्या आतड्यात पाणी जमवतो, म्हणजे रोग जंतूच्या विषामुळे होतो, हे त्यांनी 1959 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं. या कामाची थोरवी ज्यांनी 1986 मध्ये आवर्जून लेख लिहून सांगितली ते कोण, तर युजीन गारफील्ड, सायटेशन इंडेक्सचे जनक! आपलं यंत्र काय दाखवतं आणि काय दाखवत नाही, याची जाण त्यांना आज ते यंत्र चालवणाऱ्यांपेक्षा बरी होती असं मला वाटतं.

म्हणून माझा आग्रह एवढाच की ही दुसऱ्या प्रकारची, ज्यांचं मोल कागदावरच दिसतं अशी कामं तरी हातची जाऊ नयेत. आणि ती आकड्यानं नाही, वाचूनच सापडतात.

राहिली समिती. आता जे सुचवतो ते काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. जर्मनीच्या डीएफजी या संशोधन-निधी संस्थेनं 2010 मध्ये अर्जात निवडक पाचच प्रकाशनं द्यायची अट घातली. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेच्या अर्जात संशोधकानं आपली जास्तीत जास्त पाच योगदानं स्वतःच्या शब्दांत सांगायची पद्धत आली. 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पेशीजीवशास्त्रज्ञांच्या वार्षिक अधिवेशनात जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसं जोखू नयेत, असा जाहीरनामा आकाराला आला. तेव्हा दोनशे अर्जांपैकी विषय आणि पद न जुळणारे आधी बाजूला काढा, त्यासाठी आकडा लागत नाही. उरलेल्यांकडून पाच पेपर मागा आणि प्रत्येकाखाली तीन ओळी: प्रश्न काय होता, त्यातलं तुमच्या हातचं काय, आणि त्यानंतर कुणी काय वेगळं केलं. सायटेशनचा आकडा तिथेही येऊ दे, पण ‘कशासाठी’ या रकान्यासकट. मग ते पेपर समितीनं वाचावेत. एका संध्याकाळीत होणार नाही, दोन-तीन दिवस जातील. ज्या माणसाला पुढची तीस वर्षं पगार आणि लॅब द्यायची, त्याच्यासाठी ‘वेळ नव्हता’ ही सबब मला तरी पटत नाही. तुम्हाला पटत असेल तर का, ते जरूर लिहा.