पिट्सबर्गचं परवडणारं घर आणि सोलापूरचा नळ

एडिसन, जर्सी सिटी, सनीव्हेल, अमेरिकेतली ही महागडी गावं. तिकडच्या मराठी ओळखीच्यांचे हल्ली जे फोन येतात, त्यांत चौकशी जवळजवळ तीच असते. पिट्सबर्गला घर कितीला मिळतं, शाळा कशा आहेत, आपली माणसं आहेत का. दोघांचे चांगले पगार असूनही ज्यांचा निम्मा पैसा घरापायी जातो, अशी ही माणसं. मी त्यांना मनापासून सांगते की या. आम्ही न्यू जर्सी सोडून इथे, पिट्सबर्गला, आलो आणि इथेच राहणार आहोत. पण हे शहर स्वस्त का झालं आणि स्वस्त होऊनही राहण्याजोगं कसं उरलं, ते समजून घेऊन या, असंही सांगते. ते समजून घेताना माझ्या डोक्यात सतत सोलापूर असतं, कारण मी तिथली.

आधी पैशाचं. शहराच्या हद्दीत अडीच लाख डॉलरच्या आसपास तीन बेडरूमचं जुनं पण धड घर मिळू शकतं. एडिसनला तेवढ्यात साधा फ्लॅट मिळतानाही दमछाक होते. पेनसिल्व्हेनिया राज्याचा आयकर सरसकट 3.07 टक्के आहे. मात्र पिट्सबर्ग शहरात राहिलात तर पगारावर आणखी 3 टक्के स्थानिक कर लागतो, त्यातला 1 टक्का शहराचा आणि 2 टक्के शाळांचे. घरपट्टीही काउंटी (म्हणजे जिल्हा), शहर आणि शाळा मंडळ अशी तिघांची. नुसती घराची किंमत पाहून हिशेब मांडू नका. तरीही सगळी गोळाबेरीज न्यू जर्सीपेक्षा पुष्कळ हलकी पडते.

ही स्वस्ताई कुणी आखून आणलेली नाही. 1950 मध्ये या शहरात सुमारे 6 लाख 77 हजार माणसं राहत होती. 2020 च्या जनगणनेत 3 लाख 3 हजार भरली. 1980 च्या दशकात पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडले. मोनोंगाहेला नदीकाठचा होमस्टेडचा प्रचंड कारखाना 1986 मध्ये थंडावला. तरणी माणसं टेक्सास, फ्लोरिडाकडे निघून गेली आणि घरं मागे राहिली. होमस्टेडच्या जागेवर आता दुकानं आणि सिनेमागृह आहे, आणि त्या वाहनतळाच्या कडेला जुन्या कारखान्याची विटांची बारा धुराडी ओळीने उभी आहेत. सोलापुरात वाढलेल्या माणसाला त्या ओळीपुढून नुसतं निघून जाता येत नाही. आमची कापडाची जुनी मिल 1877 मध्ये सुरू झाली आणि 1963 मध्ये बंद पडली. पुढे नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी-विष्णू या गिरण्याही गेल्या. भोंगे थांबले तसे आमच्या गल्लीतले काका-मामा भिवंडीला, पुण्याला पांगले.

आम्ही घेतलेलं घर शंभरीला आलेलं, विटांचं, डोंगरउतारावरचं. पहिल्यांदा पाहायला गेलो तेव्हा तळघरात मधोमध एक संडास दिसला. आडोसा नाही, दार नाही. शेजारी सिमेंटचं मोठं कुंड, नळ आणि जमिनीत मोरी. दलाल वयस्कर गृहस्थ होते, इथलेच. ते म्हणाले, इथल्या जुन्या घरांतून हे असतंच. त्यांचे आजोबा पोलादाच्या कारखान्यात होते. कामावरून आले की तळघराच्या दारानेच आत शिरायचे, तिथे अंग घासून धुवायचे आणि मगच जेवायला वर यायचे. माझे आजोबा लक्ष्मी-विष्णूत होते. केसांत, भुवयांत कापसाची पिंज घेऊन यायचे, आणि न्हाणीघरातून बाहेर येईपर्यंत आजी ताट वाढत नसे. त्या तळघरात उभं राहून मी नवऱ्याला म्हटलं, हे घर घेऊया.

व्यवहाराची बाजूही सांगते. इतकं जुनं घर घेताना सांडपाण्याच्या नळीत कॅमेरा घालून तपासणी करून घ्या, विजेच्या तारा शंभर वर्षांपूर्वीच्या नाहीत ना ते बघा, आणि रेडॉन या जमिनीतून झिरपणाऱ्या घातक वायूची चाचणी चुकवू नका. या भागात जमिनीखाली कोळशाच्या जुन्या खाणी पसरल्या आहेत, म्हणून जमीन खचली तर भरपाई देणारा विमा राज्य सरकार स्वतः विकतं. तो घ्या. बाकी सवयीचा भाग आहे. हिवाळाभर आभाळ भरलेलं असतं. बर्फ उपसून गाडीची जागा मोकळी केली की लोक तिथे घरातली खुर्ची आणून ठेवतात, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी, आणि ती खुर्ची सहसा कुणी हलवत नाही. आपल्या माणसांची काळजी करू नका. पेन हिल्सच्या टेकडीवरचं वेंकटेश्वर मंदिर 1970 च्या दशकातलं आहे, आणि गणपतीत मराठी आरत्याही कानावर पडतात.

आता ज्यांच्यासाठी हे पाऊल जोखमीचं आहे त्यांच्याबद्दल. तुम्ही एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावर, असाल तर नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात तेवढ्या दिवसांत दहा कंपन्यांचे दरवाजे ठोठावता येतात. इथे तुमच्या कामाच्या तीन-चारच असतील. कंपनी तीच ठेवून नुसतं गाव बदललं, अगदी घरून काम करत असलात तरी, महानगर क्षेत्र बदलत असल्याने कंपनीला आधी सुधारित अर्ज भरावा लागतो. न कळवता भाडेकरार करून मोकळं होणं हा जिवावरचा खेळ आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत अडकलेल्या आणि एकाच्याच पगारावर चालणाऱ्या घराला मी अजून "या" म्हणत नाही. घराचे वाचलेले पैसे त्या 60 दिवसांत कामाला येतात, हे खरं, पण व्हिसाची मुदत पैशाने लांबत नाही.

मग हे शहर टिकलं कशावर? शहरातली सर्वांत उंच इमारत 64 मजल्यांची, यू. एस. स्टील टॉवर. तिच्या माथ्यावर 2008 पासून मोठी अक्षरं आहेत ती यूपीएमसीची, म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठाशी जोडलेल्या इस्पितळांच्या संस्थेची. पोलाद गेल्यावर विद्यापीठं आणि इस्पितळं राहिली, आणि तीच रोजगार देणारी झाली. यूपीएमसी आज पेनसिल्व्हेनियातली सर्वांत मोठी बिगरसरकारी नोकरी देणारी संस्था आहे. शहरातल्या हेझलवूडला ज्या जागेवर कोक-भट्ट्या, म्हणजे पोलादासाठी दगडी कोळसा भाजायच्या भट्ट्या, होत्या, तिथल्या जुन्या शेडच्या लोखंडी सांगाड्यात कार्नेगी मेलनची यंत्रमानवांची प्रयोगशाळा चालते. याउलट विमानतळाची कथा बघा. यूएस एअरवेजने 2004 मध्ये इथलं मुख्य केंद्र हलवलं आणि उड्डाणं झपाट्याने कमी झाली. शहराला तो धक्का सोसला, कारण परिचारिका, प्राध्यापक, संशोधक विमान कंपनीवर अवलंबून नव्हते.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. तिजोरी इतकी रिकामी झाली की 2003 मध्ये राज्याने पिट्सबर्गला आर्थिक संकटातलं शहर ठरवलं. ते बिरूद उतरायला 2018 उजाडलं. त्या काळात राज्याने नेमलेली माणसं खर्चावर नजर ठेवून होती, पण महापौर आणि नगर परिषदेची निवडणूक टळली नाही. त्याच तंगीच्या काळात, 2011 मध्ये, शहरातल्या कार्नेगी ग्रंथालयाच्या शाखा बंद पडण्याची वेळ आली. ग्रंथालयासाठी घरपट्टीत एक लाख डॉलर मूल्यामागे वर्षाला 25 डॉलर वाढवावेत का, असा थेट प्रश्न मतपत्रिकेवर घातला गेला. सुमारे 72 टक्के मतदारांनी हो म्हटलं. आमच्या वस्तीतल्या शाखेत माझी मुलगी शनिवारी जाते तेव्हा तिच्या शेजारी इस्पितळात सफाईचं काम करणाऱ्या बाईचा मुलगा बसलेला असतो. दोघांना तीच पुस्तकं, तेच संगणक मिळतात.

सगळं गोड आहे असं मला म्हणायचं नाही. जवळच्या क्लेअरटनच्या कोक कारखान्याचा सडक्या अंड्यासारखा वास वारं फिरलं की कैक मैल येतो. तो वास नोंदवून काउंटीच्या आरोग्य खात्याला कळवणारं अ‍ॅप कार्नेगी मेलनमधल्या मंडळींनी बनवलं, आणि लोकांना ते वापरावं लागतं, यातच सगळं आलं. 2022 च्या जानेवारीत शहरातला फर्न हॉलोचा पूल बससकट कोसळला. 2025 मध्ये बससेवा 35 टक्के कमी करण्याचा प्रस्ताव आला आणि राज्याने तात्पुरती पैशाची सोय केल्यावर टळला. ज्या इस्पितळांनी आणि विद्यापीठांनी शहर तारलं त्यांच्या बहुतेक जमिनींवर, धर्मादाय म्हणून, घरपट्टी लागत नाही. तो भार माझ्यासारख्या घरमालकांवर येतो. यावरचा वाद दर निवडणुकीत पेटतो आणि पेटायलाच हवा.

इकडे सोलापूरच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवरही 15 जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीपासून वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, आयटी पार्क आणा, पोरं थांबतील. दुसरी म्हणते, इथे काही राम राहिला नाही, हिंजवडीच्या जवळपास कर्ज काढून फ्लॅट घ्या आणि मोकळे व्हा. मी काही लिहिलं की उत्तर ठरलेलं: तू तिकडे बसून बोलू नकोस, त्यांच्याकडे पैसा आहे. हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. पोलादातून गबर झालेल्या कुटुंबांचे विश्वस्त निधी पिट्सबर्गला होते, सोलापूरला तेवढे नव्हते. पण अगदीच नव्हते असंही नाही. उद्योगपती वालचंद हिराचंद सोलापूरचेच. हिराचंद नेमचंद वाचनालयात आमच्या पिढ्या वाढल्या.

मला दोन्ही बाजू पटत नाहीत, आणि त्याला पिट्सबर्ग कारण आहे. सोलापुरात घर पुण्याच्या मानाने आजही स्वस्त आहे. स्वस्त घराने माणसं थांबली असती तर सकाळी पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेस भरून गेली नसती. कंपन्यांना सवलती देऊन उद्योग मागास भागात न्यायची योजना महाराष्ट्राने 1964 मध्ये सुरू केली. साठ वर्षं ती या ना त्या रूपात चालू आहे, आणि उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात असून सोलापूरच्या नळाला वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी आलं. पहिल्या वीस स्मार्ट शहरांत 2016 मध्ये नाव लागूनही माझी आई पिंपं भरून ठेवायची सुटली नाही. विमानतळासाठी 2023 मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, त्यावरून गाव दुभंगलं. विमान 2025 मध्ये सुरू झालं याचा मला आनंद आहे, मी त्यातून येईनही. पण ज्याच्या घरी आज पाणी येण्याचा वार नाही, तो त्या विमानाने शहरात राहायला परत येणार नाही.

सोलापूरकडे जे आहे ते या वादात कुणी मोजतच नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून आहे. धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीकडून माणसं उपचाराला सोलापूरलाच येतात. विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. आयटी पार्कची वाट पाहत बसलेल्या शहराचा खरा धंदा आजच चालू आहे, आणि त्याला सरकारी सवलतीपेक्षा रोजचं पाणी, चालणारी शहर बस, परिचारिकांना परवडणारी खोली आणि रात्री उघडी असलेली अभ्यासिका लागते. ही कामं महापालिकेची आहेत. त्या महापालिकेत 2022 च्या मार्चपासून निवडून आलेलं कुणी नव्हतं. जवळजवळ चार वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. कोल्हापूर आणि संभाजीनगरला तर 2020 पासून. तिजोरी रिकामी असताना पिट्सबर्गला निवडणूक झाली आणि सोलापूरला तसं संकट जाहीर झालेलं नसताना झाली नाही, हे मला फार लागतं.

पैशाचंही तेच. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, 2017 मध्ये जीएसटी आला, आणि आता महापालिका दर महिन्याला राज्याकडून येणाऱ्या अनुदानाकडे डोळे लावून बसते. महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालयासाठी उपकर लावायची सोयच नाही. शेजारच्या गोव्यात आहे. सोलापूरकरांनी उद्या स्वतःहून ठरवलं की घरटी चार पैसे जास्त देतो पण वाचनालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवा, तर ते मत टाकायला पेटी नाही.

नवे नगरसेवक आता निवडून आले आहेत. ग्रुपवर माझी तक्रार एवढीच असते की त्यांच्याकडे आपण आयटी पार्क मागतो, जे त्यांच्या हातात नाही. स्थायी समितीपुढे अंदाजपत्रक येईल तेव्हा त्याची प्रत मिळवा, उत्पन्नाचं पान उघडा, शहराचं स्वतःचं किती आणि मुंबईहून आलेलं किती ते बघा. मग सिव्हिल हॉस्पिटलच्या दारापर्यंत बस आणि नळाला रोज पाणी यांच्यासाठी पुढच्या पानांवर किती ठेवलंय ते बघा. आपल्या प्रभागाच्या माणसाला तारीख विचारा, आणि त्या तारखेला परत जाऊन विचारा.