वास अंगाचा की बॅगेतल्या कपड्याचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

व्यायामाच्या कपड्यांच्या वासावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'व्यायामाच्या कपड्यांना अमोनियाचा वास येतो म्हणजे भात-पोळी कमी पडते आणि शरीर स्नायू जाळतं, असं तुम्ही ठोकून दिलंत. मी दोन्ही वेळा पोटभर जेवतो, तरी वास येतो. लोकांना खाण्यावरून घाबरवू नका. शिवाय हे किडनीचं दुखणं असू शकतं, त्याबद्दल एक अक्षर नाही.'

पहिला आक्षेप मला मान्य आहे. एका कारणाला मी सगळ्यांचं कारण करून टाकलं. वास नेमका कधी येतो, हे आधी विचारायला हवं होतं. तुम्ही मात्र ते न विचारता सांगितलंत: सकाळी जिम, तिथून थेट ऑफिस, आणि संध्याकाळी घरी बॅग उघडली की नाकाला झोंबतं. जिममध्ये कपडे काढताना असा वास येतो, असं तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणजे तुमचा अमोनिया बहुतेक अंगात तयार होत नाही, बॅगेत तयार होतो.

ज्यांच्या घरात तान्हं बाळ वाढलंय त्यांना हे लगेच पटेल. नुकतंच ओलं झालेलं दुपटं नाकाला झोंबत नाही. तेच रात्रभर कोपऱ्यात पडलं की सकाळी डोळ्यांत पाणी आणतं. युरियाला स्वतःचा वास नसतो. युरिएज नावाचं विकर असलेले जिवाणू त्याचे तुकडे करतात आणि त्यातून अमोनिया सुटतो. ओल्या जमिनीवर युरिया नुसता फेकून ठेवला तर त्यातला नत्र हवेत उडतो असं शेतकरी सांगतात, तेही याच विकराचं काम. घामात युरिया असतोच, बहुधा रक्तातल्यापेक्षा जास्त दाट. त्वचेवरच्या काही स्टॅफिलोकॉकस जिवाणूंकडे युरिएज असतं. ओल, ऊब आणि आठ-दहा तासांची बंद बॅग मिळाली की त्यांना आणखी काही लागत नाही.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते, आणि मूळ लेखात ती आलीच नव्हती. ताजा घाम सहसा किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू (pH) ६ असेल तर त्यातल्या अमोनियाच्या हजार रेणूंपैकी एकही धड मोकळा नसतो, सगळे अमोनियम होऊन पाण्यात बांधलेले असतात, म्हणून ते नाकापर्यंत पोचत नाहीत. युरिया फुटू लागला की सामू चढतो. तो ९ पर्यंत गेला तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त अमोनिया मोकळा होतो. म्हणून दुपारपर्यंत काही जाणवत नाही आणि संध्याकाळी एकदम भपकारा येतो.

पॉलिस्टरमुळे त्रास वाढतो, पण थोड्या वेगळ्या वाटेनं. बेल्जियममधल्या गेंट इथल्या संशोधकांनी २०१४ साली २६ जणांना सायकलिंगचा जोरदार व्यायाम करायला लावून त्यांचे टी-शर्ट तपासले. सुतीपेक्षा पॉलिस्टरच्या शर्टांना जास्त घाण वास होता आणि त्यांवर मायक्रोकॉकस जिवाणू माजले होते. अंगातलं तेल पॉलिस्टरच्या धाग्याला धरून बसतं आणि गार पाण्यात सुटत नाही. पण तो वास आंबूस, घामट असतो. कल्हईवाल्यानं तापलेल्या भांड्यात नवसागर टाकला की जी तिखट धार नाकात शिरते, ती अमोनियाची. दोन्ही एकत्र येऊ शकतात, म्हणून बॅग उघडताना नीट ओळखून पाहा.

आता अंगातला अमोनिया. ही बाजू मी मागे घेत नाही, फक्त तिला तिच्या जागी ठेवतो. धावताना किंवा अंग पुसतानाच वास आला, तर तो आतून आलेला असण्याची शक्यता आहे. लेमन आणि मलिन या संशोधकांच्या १९८० च्या प्रयोगात स्नायूंतली साखर भरलेली असताना व्यायामाच्या ऊर्जेपैकी ४.४ टक्के प्रथिनांतून आली, आणि साठा रिता असताना १०.४ टक्के. प्रथिनं जळली की नत्र उरतो, आणि त्याचा काही भाग घामात उतरतो. मूळ लेखातलं भात-पोळी कमी पडण्याचं वाक्य कडकडीत उपवास करून सकाळी दीड तास पळणाऱ्यांसाठी होतं. उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्याला ते लागू नाही, कारण साबुदाणा म्हणजे पिष्टच. आणि पोटभर जेवणाऱ्यानंही दम लागेपर्यंत जोरात धावा घेतल्या तर स्नायूंत अमोनिया तयार होतोच. तो नेहमीचाच भाग आहे, त्यात स्नायू वितळत नाहीत. हे स्पष्ट न लिहिल्यामुळे कुणी घाबरलं असेल, तर त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो.

किडनीबद्दल. ती फारच निकामी झाली तर रक्तातला युरिया वाढतो आणि घामातही जास्त उतरतो, हे खरं. पण एवढ्या टप्प्याला सहसा पायांवर सूज, भूक मरणं, सततचा थकवा, लघवीतला बदल असं काही ना काही सोबत असतं. यातलं काही असेल, किंवा मधुमेह वा रक्तदाब असेल, तर क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीचं काम कळण्यासाठी रक्ताची तपासणी जरूर करा. फक्त टी-शर्टच्या वासावरून किडनीची धास्ती घेऊ नका.

व्हिनेगरबद्दल एक राहिलं होतं, ते इथेच लिहितो, कारण ते जिवाशी आहे. कपडे धुताना शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालायला मी मूळ लेखात सांगितलं होतं. त्या बादलीत क्लोरीनचं ब्लीच कधीही घालू नका, विषारी वायू सुटतो. अमोनियाचा वास मारणाऱ्या ओल्या कपड्यांवरही ब्लीच ओतू नका.

तुम्हाला तर व्हिनेगरचीही गरज पडू नये. युरिया पाण्यात सहज विरघळतो. जिममध्येच नळाखाली शर्ट दोनदा खळबळून घट्ट पिळा आणि बंद पिशवीऐवजी ऑफिसात खुर्चीमागे किंवा खिडकीशी पसरून ठेवा. आठवडाभर एक शर्ट असा आणि दुसरा नेहमीसारखा बॅगेत ठेवून पाहाल का? जेवणात काहीही बदल न करता. खळबळलेल्या शर्टालाही संध्याकाळी तसाच वास आला, तर माझा तुमच्याबद्दलचा अंदाज चुकला. तसं झालं तर इथेच लिहा, म्हणजे मूळ लेखात तुमचा अनुभवही जोडतो. खाण्याबद्दलचं ते वाक्य मी आजच बदललं आहे.